पासुनाचं दुसरं गाणं

पासुनाची कबर माझ्या ओट्यावरून दिसते. त्याच्याच घराच्या दारात आहे, जिथं तो जाळं दुरुस्त करत बसायचा तिथंच. लाफितानं, त्याच्या बायकोनं, वर पत्र्याचं छप्पर घातलंय आणि खाली त्याचे गोलकीपरचे हातमोजे ठेवलेत. मध्यंतरी एक मोजा कुत्र्यानं पळवला. मी धावपट्टीपर्यंत त्याच्या मागे पळालो आणि मोजा आणून जागेवर ठेवला. करंगळी तेवढी गेली.

मी सिकेली. तुवालू देशातल्या फुनाफुती बेटाच्या विमानतळावरचा आगीचा बंब चालवतो. आग कधी लागत नाही. विमान यायच्या आधी भोंगा वाजवायचा आणि धावपट्टीवरून माणसं, डुकरं, कुत्री आणि फुटबॉल खेळणारे यांना हाकलायचं, हे माझं खरं काम. पाय मोकळे करायला बेटावर दुसरी जागाच नाही, त्यामुळे विमान नसेल तेव्हा सगळं गाव पट्टीवर असतं. तुवालूचा राष्ट्रीय संघही तिथंच घडला. आमचा राष्ट्रीय संघ म्हटलं की बाहेरचे लोक गालात हसतात. हसेनात का. आमच्या अंगावर आकाशी सदरा होता आणि त्यावर देशाचं नाव होतं. मी डावीकडे बचावाला, पासुना गोलात.

पोटासाठी तो माडी काढायचा. सकाळ-संध्याकाळ माडावर चढायचं, कोयत्यानं फुलोऱ्याची पोय कापायची, बाटली बांधायची. त्या कामानं त्याचे पंजे असे रुंद झाले होते की चेंडू हातात आला की दिसेनासा व्हायचा. बोलायचा कमी, हसायचा जास्त. लाफिता म्हणायची, "ह्याला कुणी शिवी दिली तरी हा विचारेल, जेवलास का?"

धावपट्टीचं डांबर तापलेलं आणि कडक. चेंडू पडला की सरळ छातीपर्यंत उसळतो. आम्ही लहानपणापासून तोच टप्पा बघितला. गोलीनं एक पाऊल मागे घ्यायचं, हात छातीशी आणायचे, चेंडू आपण होऊन येऊन बसतो. पासुना हे बोलता बोलता करायचा. खाली पडलेला चेंडू वर येतच नाही, असं आमच्यापैकी कुणी कधी पाहिलं नव्हतं.

ते पाहिलं स्पर्धेसाठी फिजीला गेलो तेव्हा, तिथल्या गवतावर. समोर कोण होतं त्यांचं नाव मी घेत नाही, अजून डोकं तापतं. आमच्यावर गोलांचा पाऊस पाडायचा अशा तयारीनंच ते आले होते. पण त्या दिवशी पासुनाच्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे. वरचा, कोपऱ्यातला, डोक्यानं मारलेला, सगळं त्यानं धरलं. आमचे प्रशिक्षक एतुआती मास्तर शाळेत गणित शिकवायचे. एरवी मैदानाबाहेरून ओरडायचे, "सिकेली, धावतोयस की मयताला चाललायस?" त्या दिवशी ते नुसते नखं कुरतडत होते. शून्य-शून्य चाललं होतं. तसंच संपलं असतं तर बरोबरी, आणि बरोबरी ही चीज आम्ही देशाबाहेर कधी चाखली नव्हती.

सामना संपत आला होता. त्यांच्या एका दमलेल्या गड्यानं लांबून फटका मारला. इतका मरतुकडा की मी मास्तरांकडे वळून हसलोसुद्धा. सकाळी पाऊस पडून गेला होता. चेंडू पासुनाच्या पुढ्यात पडला. पासुनानं एक पाऊल मागे घेतलं, हात छातीशी आणले आणि वाट बघत उभा राहिला. चेंडू उसळलाच नाही. ओल्या गवतात लोळत लोळत आला आणि त्याच्या दोन पायांमधून जाळ्यात गेला. पासुना हात तसेच छातीशी धरून उभा होता. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाला, "वर आला नाही रे."

इकडे सगळं बेट रेडिओला कान लावून बसलं होतं. आम्ही परतलो तर माझ्या जागी बदली माणसानं भोंगा वाजवला, विमानाच्या दारात फुलांचे मुकुट आले, सभामंडपात पुलाकाचे उकडलेले कंद, भाजलेलं डुक्कर, नारळाच्या दुधातला मासा असं जेवण मांडलं होतं. हरून आलेल्यांनाही आमच्याकडे जेवायला घालतात. मग फातेले सुरू झालं. एका बाजूचे लोक मध्ये लाकडी खोका ठेवून हातांनी बडवतात आणि गातात, दुसरी बाजू त्याला उत्तर देते. गाणं हळू सुरू होतं आणि दर फेरीला चढत जातं. बेटावर काही घडलं की त्याचं गाणं होतं, आणि चांगलं गाणं करणारी बाई एकच, तेमुकिसा. ही पासुनाची सख्खी आत्या. आई लवकर गेल्यावर हिनंच त्याला वाढवलं. आमचं विमान उतरायच्या आत तिनं गाणं रचून बायकांना शिकवूनही टाकलं होतं.

"चेंडू दमला होता रे पासुना, चेंडू दमला होता,
तू म्हणालास ऊठ, तो म्हणाला निजतो.
मासा जाळ्यात आला हो, जाळ्यात आला,
जाळं मात्र आपलंच!"

सभामंडप हसून लोळला. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. ज्याचं नाव गाण्यात असेल त्यानं उठून नाचायचं असतं; बसून राहिला तर रुसला असा अर्थ होतो, आणि सभामंडपात रुसणं ही लाजेची गोष्ट. पासुना उठला. चांगला नाचला. बायकांनी कौतुकानं त्याच्या डोक्यावर पावडर उधळली. गाणं पुन्हा पुन्हा चढत गेलं आणि तो घामानं निथळत हसत राहिला. शेवटी आत्यासमोर बसून म्हणाला, "आत्या, बास की आता. हे गाणं परत घे."

तेमुकिसा म्हणाली, "उसनं मीठ आहे का परत घ्यायला? आता सगळ्यांचं झालं ते. तू असं कर, तोच चेंडू अडवून दाखव. मी दुसरं करते. सगळ्यांदेखत सांगते."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी जाताना पासुना माझ्याबरोबर होता. वाटेत कुणीतरी अंधारातून गुणगुणलं, चेंडू दमला होता. तो थांबला आणि म्हणाला, "सिकेली, किती अडवले रे मी त्या दिवशी?" मी म्हटलं, पुष्कळ. तो म्हणाला, "त्यातला एक तरी घालायचा होता गाण्यात."

ते गाणं फारच चांगलं होतं, हेच दुर्दैव. लग्नात, नवी होडी पाण्यात सोडताना, चर्चच्या वाढदिवशी, कुठंही फातेले रंगलं की ते यायचंच. बोटीवर नोकरीला गेलेल्या आमच्या पोरांनी ते परदेशी नेलं. पासुना दर वेळी उठायचा, नाचायचा, हसायचा. त्याची थोरली पोर शाळेतून दोरीवर उड्या मारत तेच म्हणत आली आणि दारात थांबून म्हणाली, "बाबा, ह्यातला पासुना तुम्हीच का?" पासुना माडीची बाटली धूत होता. म्हणाला, "मीच." पोरगी म्हणाली, "मग तुम्ही ऊठ म्हणालात तर तो उठला का नाही?" लाफितानं तिला आत नेलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो माझ्याकडे एक गुंडाळी घेऊन आला. जुन्या चटया. "चल, पट्टीवर." चटया समुद्राच्या पाण्यात भिजवून त्यानं डांबरावर पसरल्या, त्यावर नारळाचा काथ्या टाकला, पुन्हा पाणी ओतलं आणि त्यामागे गोलात उभा राहिला. म्हणाला, "मार. मरतुकडा मार." चेंडू ओल्या चटईवर पडला की खरोखरच मरायचा, त्या फिजीच्या गवतासारखा. पासुना गुडघा टेकून, दोन्ही पंजे जमिनीला लावून तो घ्यायला शिकला. आधी सुटायचा, मग सुटेनासा झाला. लोक बघायला जमायचे, पोरं ओरडायची, "निजला का चेंडू?" एकदा लाफिता तरातरा आली. ती माझ्या अंगावर ओरडली, कारण नवऱ्यावर ओरडून उपयोग नव्हता.

"भाऊजी, ह्या चटया मी डोळे फोडून विणल्यात. तुमच्या चेंडूला निजायला विणल्यात का?"

"जुन्या आहेत गं," पासुना म्हणाला.

"ही जुनी? आपल्या लग्नातली आहे ही!"

"म्हणजे जुनीच की."

ती हसली आणि मग एकदम रडली. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्यांना सांगा ना सोडून द्यायला. झोपेतही हात खाली घालतात. माझ्या पोटावर पंजा आपटला परवा." मी काय सांगणार? मीच फटके मारत होतो.

त्यानंतर कितीतरी वर्षं संघ बाहेर गेलाच नाही. गेला तेव्हा आमच्या केसांत पांढरे आले होते. नवे गडी विशीतले होते. पण मुख्य गोलीचा हात मासेमारीत मोडला आणि म्हाताऱ्या एतुआती मास्तरांनी पासुनाचं नाव घेतलं. मला का घेतलं ठाऊक नाही. बहुधा पासुनाला सोबत म्हणून.

पुन्हा फिजी, पुन्हा ओलं गवत. ह्या वेळी मात्र समोरच्यांनी आमची धुलाई केली. आमचे तरुण गडी अर्ध्यातच गळाले, मी तर कधीचाच गळालो होतो. पासुनावर चहूकडून चेंडू येत होते आणि निम्मे आत जात होते. मग दिवेलागण होत असताना तो चेंडू आला. लांबून, संथ, थेट त्याच्या पुढ्यात पडणारा. मी ओरडणार होतो, पण गरज नव्हती. पासुना आधीच गुडघ्यावर होता. चेंडू पडला, मेला, लोळत आला आणि त्याच्या पंजांत शिरून दिसेनासा झाला. त्याच्यामागोमाग त्यांचा गडी पायानं ओढायला धावला, त्याच्या बुटाचे खिळे पासुनाच्या मनगटावर उतरले. त्यानं सोडला नाही. चेंडू पोटाशी घेऊन तो तसाच पालथा पडून राहिला. मी त्याला उठवायला गेलो तर तोंडावर गवत चिकटलेलं आणि डोळे भरलेले. म्हणाला, "रेडिओवर सांगितलं असेल ना रे आता?"

रेडिओवर कुणीच ऐकलं नव्हतं. आमच्याकडे दिवेलागणीला प्रार्थनेचा ठोका पडतो आणि सगळं बेट घरात बसून स्तोत्र म्हणतं. कुणी रस्त्यावर चालत नाही, कुणी रेडिओ लावत नाही. पासुनानं तो चेंडू धरला तेव्हा अख्खं फुनाफुती डोळे मिटून देवाशी बोलत होतं. प्रार्थना संपवून रेडिओ लावला तेव्हा लोकांना एवढंच कळलं की आपण वाईट हरलो.

पण मी होतो ना. परतल्यावर सभामंडपात जेवणं झाली, आणि मी उठलो. स्वतःबद्दल स्वतः बोलायचं नसतं, म्हणून मीच बोललो. गुडघा कसा टेकला, चेंडू कसा मेला, खिळे कसे लागले, सगळं हातवारे करून सांगितलं. पासुनाचं मनगट वर करून दाखवलं. हरलेल्या सामन्यातल्या एका चेंडूचं कुणाला काय, लोकांनी मान राखून टाळ्या दिल्या. तेमुकिसाचे डोळे मात्र लकाकले. तोवर ती फार थकली होती. तिनं पासुनाचं मनगट हातात घेऊन जखम चाचपली.

"तोच चेंडू?"

"तोच, आत्या."

"निजलेला?"

"निजलेलाच."

"मग झालं तर," ती म्हणाली. "गाणं देणं लागते मी. उद्या ये. बायकांनाही बोलाव."

दुसऱ्या दिवशी पासुना धुतलेला सदरा घालून, ताजा टुना घेऊन गेला. मी आणि बायका मागोमाग गेलो. तेमुकिसानं मासा हुंगला, खूश झाली आणि म्हणाली, "इतके दिवस कुठं होतास रे? फिजीला जाणार होतास ना, कधी निघताय?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. तिच्या सुनेनं मान खाली घातली. नंतर पडवीत सून म्हणाली, वर्षभर असंच चाललंय, चुलीवर भांडं ठेवतात आणि विसरतात, जुनं सगळं लख्ख आठवतं, कालचं काही राहत नाही. तोवर आम्हाला वाटत होतं, म्हातारी मुद्दाम मस्करी करते.

पासुनानं माझ्या तोंडून आत्याला पुन्हा सगळं ऐकवलं. ती पुन्हा तशीच लकाकली. पुन्हा मनगट चाचपलं. आणि तिथंच, बोटांनी चटईवर ताल धरून तिनं दोन ओळी म्हटल्या:

"गवतानं फसवायचं ठरवलं होतं,
पण त्याचे हात आधीच गवतात होते."

इतकी सुंदर चाल होती की बायकांच्या अंगावर काटा आला. "उरलेलं उद्या," ती म्हणाली. उद्या उजाडला तर तिला ओळी आठवेनात, चेंडू आठवेना, फिजी आठवेना.

मग हे दर रविवारचं झालं. चर्च सुटलं की पासुना आत्याकडे जायचा, मला नेऊन सांगायला लावायचा, आणि ती दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी आनंदायची आणि वेगळ्याच दोन ओळी करायची. एकदा चेंडूला पाहुणा म्हटलं, एकदा बाळ म्हटलं. मी एका खेपेच्या ओळी पाठ केल्या आणि पासुनाला म्हटलं, "पुढचं आपण जुळवू. बायका बसवतील. कुणाला कळतंय?"

पासुना माझ्यावर प्रथमच चिडला. "तिचं गाणं चोरू? तिनं सभामंडपात शब्द दिलाय, ती सभामंडपात गाईल. एक दिवस राहील तिच्या लक्षात. तू फक्त तयार राहा." इकडे फातेले रंगलं की जुनं गाणं यायचंच, आणि तो उठायचाच.

मग त्याच्या पायात प्रवाळ शिरलं. खडकावर जाळं टाकताना झालेली एवढीशी जखम, पण अंगात साखर होती, त्यामुळे ती भरेचना. दवाखान्यात आधी बोटं काढली, मग पाऊल. माडावर चढणं संपलं. एका लग्नात ते गाणं सुरू झालं तेव्हा लोक त्याच्याकडे बघून थबकले. तो म्हणाला, "थांबलात का?" आणि माझ्या खांद्याचा आधार घेऊन एका पायावर उठला. त्या दिवशी कुणी हसलं नाही. रविवारी तो मला म्हणाला, "आज जरा नीट सांग हं आत्याला. घाई करतोस तू." मी नीट सांगितलं. तिनं त्या दिवशी चार ओळी केल्या. तो डोळे मिटून ऐकत होता. पुढचा रविवार त्यानं पाहिला नाही.

मयताच्या घरी आमच्याकडे स्तोत्रं म्हणतात, फातेले नव्हे. पासुनाला लाफितानं विणलेल्या नव्या चटयांवर ठेवलं होतं, अंगावर आकाशी सदरा. एतुआती मास्तर काठी टेकत आले आणि त्याच्या पंजांकडे बघत बसले. सगळं बेट अंगणात होतं. पाद्रीबुवांनी स्तोत्र संपवलं आणि प्रार्थनेसाठी डोळे मिटले. तेमुकिसाला सुनेनं उशाशी आणून बसवलं होतं. तिनं पासुनाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला, मग जमिनीवर बोटांनी ताल धरला. मला वाटलं, आज आठवलं. अरे देवा, आज हिला आठवलं! मी बायकांना खूण केली, ऐका, नीट ऐका.

तिनं बारीक आवाजात सुरू केलं.

"चेंडू दमला होता रे पासुना, चेंडू दमला होता..."

पाद्रीबुवांनी डोळे उघडले. सून तिचं तोंड झाकायला पुढं झाली, पण लाफितानं तिचा हात धरला. सुरू झालेलं फातेले एकट्या माणसावर टाकायचं नसतं. मागून एका बाईनं साथ दिली, मग दुसरीनं, मग सगळ्या अंगणानं, रडत, अगदी सावकाश. तू म्हणालास ऊठ, तो म्हणाला निजतो. पाद्रीबुवाही म्हणू लागले. गाणं फिरून त्याच्या नावापाशी आलं आणि सगळ्यांची नजर सवयीनं त्याच्याकडे गेली, आता उठेल म्हणून.

लाफिता उठली. त्या गाण्याचा आयुष्यभर राग केलेली बाई ती. नवऱ्याच्या पायाशी उभी राहून ती नाचली, हात खाली जमिनीपर्यंत नेत, तो चटईवरचा चेंडू धरायचा तसे.

गाणं संपलं. तेमुकिसा तिच्याकडे बघत होती, गोंधळलेली.

"तू का नाचतेस गं? त्याचं गाणं आहे," ती म्हणाली. "तो का उठत नाही? रुसलाय का माझ्यावर?"

मी तोंड फिरवलं.

"त्याला म्हणावं, रुसू नको," तेमुकिसा म्हणाली. "माझ्या लक्षात आहे, एक गाणं देणं लागते मी त्याला. उद्या करते."

लाफिता तिच्याजवळ बसली आणि तिचा हात आपल्या हातात घेतला.

"सांगते आत्या," ती म्हणाली.